शेवटी लिहिलं जाणारं, आधी वाचलं जाणारं पान

प्रबंधात सर्वांत शेवटी तयार होणारं आणि सर्वांत आधी वाचलं जाणारं पान म्हणजे अनुक्रमणिका. काही वर्षांचं वाचन, हस्तलिखितांसाठीच्या वाऱ्या, मार्गदर्शकांनी लाल शाईनं भरलेले मसुदे हे सगळं पार पडतं, प्रबंध सादर करायची तारीख तोंडावर येते आणि मग तिची आठवण होते. परीक्षक मात्र मुखपृष्ठ उलटलं की आधी तिथेच थांबतात. विषय कसा मांडला आहे, कोणत्या प्रकरणाला किती पानं दिली आहेत, विवेचन कुठे सैल पडलं असावं, याचा अंदाज त्यांना दोन पानांत येतो.

रामटेकला ही गोष्ट फार जवळून दिसते. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या या गावात १९९७ साली संस्कृत विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा त्याला कविकुलगुरु कालिदासाचं नाव मिळालं. व्याकरण, साहित्य, दर्शनं, ज्योतिष अशा विषयांवर इथे संशोधन होतं. संस्कृत ग्रंथांवरच्या प्रबंधाचा बराचसा मजकूर देवनागरीत असतो, आणि शब्दप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या अडचणी देवनागरीत दुपटीनं वाढतात.

प्रत्यक्षात काम कसं होतं? टायपिंगवाला, किंवा हल्ली स्वतः विद्यार्थीच, प्रकरणाचं नाव टाइप करतो, ते निवडतो, ठळक करतो, अक्षराचा आकार सोळा करतो, मधोमध आणतो. डोळ्यांना ते शीर्षक वाटतं. पोटशीर्षकाला आकार चौदा, त्याच्या पोटातल्याला नुसतं ठळक. अडीचशे पानं अशी झाली की शेवटी ‘इंडेक्स’ करायला घेतात. एका बाजूला शीर्षक टाइप करायचं, मग पूर्णविरामाची कळ दाबून धरून टिंबांची ओळ काढायची, मग पान शोधून त्याचा अंक घालायचा. हे काम चोख करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात दोन परिच्छेद वाढवायला सांगितले की पुढची सगळी पानं सरकतात आणि रात्रभर घातलेले अंक खोटे ठरतात. टिंबांची ओळ तर दुसऱ्या संगणकावर फाइल उघडताच वेडीवाकडी होते, कारण तिथला फॉन्ट निराळा असतो.

यात चूक टायपिंगची नसते. संगणकाला त्या अडीचशे पानांत एकही शीर्षक सापडलेलं नसतं. त्याला फक्त मोठी अक्षरं आणि लहान अक्षरं दिसतात. मोठं अक्षर म्हणजे शीर्षक, हा निष्कर्ष माणूस काढतो. यंत्राला ते वेगळं सांगावं लागतं.

सांगण्याची सोय जुनी आहे. मायक्रोसॉफ्टचं वर्ड १९८३ साली बाजारात आलं, तेव्हापासून त्यात स्टाइल ही कल्पना आहे. होम पट्टीवर उजवीकडे ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’, ‘हेडिंग ३’ असे चौकोन दिसतात, ते यासाठीच. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून ‘हेडिंग १’ दाबलं की तो परिच्छेद पहिल्या पातळीचं शीर्षक आहे, अशी नोंद दस्तऐवजात होते. कंट्रोल, आल्ट आणि १ या कळा एकत्र दाबूनही तेच होतं. त्याचा रंग निळा दिसला, फॉन्ट आवडला नाही, तरी घाबरायचं कारण नाही. रूप नंतर एकदाच बदलायचं असतं: त्या चौकोनावर उजवी टिचकी, मॉडिफाय, आणि हवं ते रूप. सगळ्या प्रकरणांची शीर्षकं एकदम बदलतात. लेखकानं ठरवायचं ते इतकंच, की ही ओळ प्रकरण आहे, पोटप्रकरण आहे की साधा मजकूर.

रचना आधी सांगावी, रूपाचं नंतर बघावं, ही दृष्टी आपल्या ग्रंथपरंपरेला मुळीच परकी नाही. संस्कृतच्या अभ्यासकांना तर हे सांगायलाच नको. कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडलं की पहिल्याच अध्यायात ग्रंथातल्या विषयांची यादी येते आणि तिच्या शेवटी गणती: १५ अधिकरणं, १५० अध्याय, १८० प्रकरणं, ६००० श्लोकांइतका विस्तार. वात्स्यायनानं कामसूत्राच्या आरंभी हेच केलं: ७ अधिकरणं, ३६ अध्याय, ६४ प्रकरणं. महाभारताच्या आदिपर्वात सुरुवातीलाच अनुक्रमणिका आणि पर्वसंग्रह येतात. पर्वसंग्रह तर कोणत्या पर्वात किती अध्याय आणि किती श्लोक तेही सांगतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार होत असताना संपादकांना हे आकडे ताडून पाहावे लागले, कारण ग्रंथानं स्वतःच स्वतःचं माप लिहून ठेवलेलं होतं. ऋग्वेदाच्या बाबतीत कात्यायनाची सर्वानुक्रमणी आहे. ती प्रत्येक सूक्ताचे पहिले शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद नोंदवते.

या सगळ्या अनुक्रमणिकांत पानाचा अंक कुठेच नाही. असणार कसा? पोथी प्रत्येक नकलेत वेगळ्या पानांची होते. नकलणाऱ्याचं अक्षर मोठं असेल तर पानं वाढतात. म्हणून ग्रंथकारांनी पत्ता रचनेवर बांधला: अमुक अधिकरण, अमुक अध्याय, अमुक श्लोक. मेघदूताचा श्लोक आजही आपण आकड्यानं सांगतो, पानानं सांगत नाही. त्यातही वल्लभदेवाच्या पाठात १११ श्लोक आणि इतर टीकाकारांकडे निराळी संख्या, म्हणून कोणता पाठ तेही सांगावं लागतं. आणखी एक गंमत पोथीत दिसते. तिथे अध्यायाचं नाव सुरुवातीला येत नाही, पुष्पिकेत म्हणजे शेवटी येतं. अध्याय संपला की ‘इति’ म्हणून ग्रंथाचं, कर्त्याचं आणि अध्यायाचं नाव. जागा वेगळी, पण घोषणा तीच.

रोमन जगातही असंच एक उदाहरण आहे. थोरला प्लिनी यानं पहिल्या शतकात ‘निसर्गेतिहास’ हा ३७ भागांचा ग्रंथ लिहिला आणि त्यातला पहिला भाग जवळजवळ पूर्णपणे अनुक्रमणिकेला दिला. ग्रंथ पुढे रोमचा सम्राट झालेल्या टायटसला अर्पण केला होता. इतक्या मोठ्या माणसाला सगळं वाचायला लागू नये, हवा तो विषय शोधता यावा, हा हेतू त्यानं अर्पणपत्रिकेत सांगून ठेवला आहे.

महानुभावांचं नाव इथे घ्यायलाच हवं, कारण रामटेकशी त्यांचा धागा जुळलेला आहे. श्रीचक्रधरस्वामी गुजरातेतून निघाले ते रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून, असं संप्रदायाची परंपरा सांगते. त्यांच्या आठवणींचा लीळाचरित्र हा ग्रंथ लहान लहान लीळांचा, आणि प्रत्येक लीळेला स्वतःचं नाव. त्यांची वचनं केसोबासांनी सूत्रपाठात प्रकरणवार लावली. विखुरलेल्या वचनांना शीर्षकांखाली आणणं, हे संपादनाचं फार मोठं काम आहे आणि ते मराठीत सातशे वर्षांपूर्वी झालं.

आता यंत्राकडे परतू. शीर्षकांना स्टाइल दिली की रेफरन्सेस पट्टीवरच्या ‘टेबल ऑफ कंटेंट्स’मधून अनुक्रमणिका एका टिचकीत तयार होते, हे बहुतेकांना माहीत असतं. ती आतून कशी चालते ते माहीत नसतं, आणि अडचणी तिथेच येतात. ती यादी म्हणजे टाइप केलेला मजकूर नसतो. ते एक ‘फील्ड’ असतं, म्हणजे वर्डला दिलेली आज्ञा: पहिल्या तीन पातळ्यांची शीर्षकं गोळा कर, प्रत्येकाचं पान शोध, टिंबं घालून मांड. प्रत्येक शीर्षकाभोवती वर्ड एक अदृश्य खूण ठेवतं आणि अनुक्रमणिकेतली नोंद त्या खुणेकडे बोट दाखवते. म्हणूनच कंट्रोल दाबून नोंदीवर टिचकी मारली की आपण थेट त्या प्रकरणात पोचतो.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अनुक्रमणिका स्वतःहून जागी होत नाही; मजकूर बदलला की तिच्यावर उजवी टिचकी मारून ‘अपडेट फील्ड’ म्हणावं लागतं किंवा एफ-९ दाबावं लागतं. तेव्हा वर्ड विचारतं, फक्त पानांचे अंक बदलू की सगळी यादी नव्यानं करू? शीर्षकाचा एखादा शब्दही बदलला असेल तर दुसराच पर्याय घ्यायचा. दोन, अनुक्रमणिकेत जाऊन केलेली दुरुस्ती टिकत नाही. ‘रसविचर’ असं चुकून पडलेलं तिथे ‘रसविचार’ केलं, तरी पुढच्या वेळी ‘रसविचर’च परत येणार, कारण मूळ शीर्षकात चूक तशीच आहे. दुरुस्ती नेहमी मुळाशी करायची.

अनुक्रमणिकेत अख्खा परिच्छेद येऊन बसतो, ही नेहमीची तक्रार. त्याचंही कारण साधं आहे. स्टाइल परिच्छेदाला लागते, आणि शीर्षकानंतर एंटर न दाबता पुढचा मजकूर सुरू केला असेल तर वर्डच्या दृष्टीनं तो सगळा एकच परिच्छेद. शीर्षकाच्या ओळीत चिकटवलेलं चित्रही असंच अनुक्रमणिकेत उतरतं.

देवनागरीची पहिली खास अडचण फॉन्टच्या खिडकीत लपलेली आहे. वर्ड प्रत्येक स्टाइलसाठी दोन फॉन्ट वेगवेगळे लक्षात ठेवतं: एक रोमन लिपीसाठी, दुसरा ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’साठी, ज्यात देवनागरी येते. आकार आणि ठळकपणाही दोघांचा स्वतंत्र. त्यामुळे ‘हेडिंग १’ बदलताना वरच्या खान्यात फॉन्ट आणि आकार निवडला, तरी मराठी शीर्षक जसंच्या तसं राहतं. माणूस वैतागतो, ‘स्टाइल मराठीला चालत नाही’ असं ठरवतो आणि पुन्हा हातानं ठळक करू लागतो. अनेकांनी स्टाइल सोडून दिल्या त्या या एका कारणानं, असं माझं निरीक्षण आहे. मॉडिफायच्या खिडकीत खाली फॉरमॅट, मग फॉन्ट, आणि तिथल्या कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या खान्यांत मंगल, निर्मला किंवा आपल्या पसंतीचा युनिकोड फॉन्ट आणि आकार भरला की काम होतं. लिबरऑफिसमध्ये याच खान्यांना ‘सीटीएल’ म्हणतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. आपल्याकडे अनेक प्रबंध अजूनही जुन्या फॉन्टांत टाइप होतात: कृतिदेव, श्रीलिपीतले फॉन्ट, सुरेख वगैरे. टायपिंगवाल्यांचे हात त्यावर बसलेले आहेत आणि त्यांचा वेग खरोखर थक्क करणारा आहे. पण या फॉन्टांत फाइलमध्ये देवनागरी साठवलेली नसते. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं; फॉन्ट फक्त त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो अक्षरांचा निरर्थक ढीग.

महानुभावांच्या सकळ लिपीची इथे आठवण येते. त्यांनी ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले. अक्षरं ओळखीची दिसायची, पण एकाच्या जागी दुसरं योजलेलं. किल्ली नसलेल्याला पोथी हातात असून वाचता यायची नाही. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही किल्ली उलगडली तेव्हा केवढं साहित्य अभ्यासकांपुढे खुलं झालं! महानुभावांनी ती लिपी ग्रंथांच्या रक्षणासाठी जाणूनबुजून घडवली होती. आपले आजचे प्रबंध मात्र तशी काहीच गरज नसताना सांकेतिक लिपीत पडून आहेत.

अनुक्रमणिकेत हे लगेच उघडं पडतं. यादीतल्या नोंदी शीर्षकाच्या स्टाइलमधला फॉन्ट घेत नाहीत. त्यांच्या ‘टीओसी १’, ‘टीओसी २’ अशा स्वतःच्या स्टाइल असतात. त्यामुळे जुन्या फॉन्टातली शीर्षकं अनुक्रमणिकेत आली की रोमन गिचमिड दिसते. टीओसीच्या स्टाइलना तोच जुना फॉन्ट देऊन कागदावरचं भागवता येतं. पण पीडीएफच्या डाव्या बाजूला जी प्रकरणांची यादी उघडते तिला फॉन्टच देता येत नाही. तिथे नुसती अक्षरं जातात, आणि तिथली गिचमिड कायमची.

उपाय एकच, युनिकोड. देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे. जुना मजकूर बदलणारी परिवर्तक सॉफ्टवेअरं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. परिवर्तकाला हा क्रम उलटवावा लागतो आणि जोडाक्षरं आली की तो अडखळतो. ‘वर्णित’, ‘निर्दिष्ट’, ‘ऊर्ध्व’ यांसारखे शब्द आधी तपासावेत. संस्कृत उद्धरणांत तर अवग्रह आणि विसर्गही नजरेखालून घालावेत.

शीर्षकं कशी लिहावीत, याबद्दलही बोललं पाहिजे, कारण यंत्र फक्त गोळा करतं. गोळा करण्यासारखं काही लिहिणं आपल्या हातात असतं. ‘प्रकरण दुसरे: विवेचन’, ‘प्रकरण तिसरे: विश्लेषण’ अशी अनुक्रमणिका वाचून कुणालाही काही कळत नाही. ‘मल्लिनाथाच्या टीकेतील अलंकारचर्चा’ असं म्हटलं की वाचणाऱ्याला वाट दिसते. पातळ्या तीन पुरेत. वर्ड नऊ देतं, पण २.३.१.४.२ असा आकडा लागला की विषयाची घडी लेखकाच्याच हातून सुटली आहे असं समजावं. कौटिल्याकडे अध्याय १५० आणि प्रकरणं १८०, म्हणजे काही अध्यायांत एकाहून अधिक प्रकरणं येतात आणि ही दोन्ही विभागणी एकमेकींवर नेमकी बसत नाहीत. वर्डच्या पातळ्या मात्र एकीच्या पोटातच दुसरी बसवतात. तेव्हा अशा ग्रंथाच्या संपादनात कोणती विभागणी मुख्य धरायची, हे अभ्यासकानं आधी ठरवायला हवं.

‘प्रकरण दुसरे’ एका ओळीवर आणि नाव दुसऱ्या ओळीवर, असं दोनदा एंटर दाबून लिहिलं की अनुक्रमणिकेत दोन वेगळ्या नोंदी येतात, एकाच पानाच्या. त्यापेक्षा ‘प्रकरण’ हा शब्द आणि आकडा बहुपातळी क्रमांकनात घालून तो ‘हेडिंग १’ला जोडून द्यावा. मग शीर्षकात फक्त नाव लिहायचं. मधलं एखादं प्रकरण पुढेमागे केलं तर आकडे आपोआप बदलतात. हलवणंही सोपं आहे: व्ह्यू पट्टीवरून नेव्हिगेशन पेन उघडलं की डावीकडे सगळी शीर्षकं दिसतात, त्यातलं एक ओढून वर नेलं की त्याच्या पोटातला सगळा मजकूर, तळटीपांसकट, त्याच्याबरोबर जातो. आराखडा बदलण्याचं धाडस अशानं होतं. नाहीतर चाळीस पानं कापून चिकटवण्याच्या भीतीनं चुकीचा क्रमही तसाच ठेवला जातो.

पुष्पिकेसारख्या ओळींसाठी आपली स्वतंत्र स्टाइल करावी. ती अनुक्रमणिकेत यावी की न यावी, आली तर कोणत्या पातळीवर, हे अनुक्रमणिकेच्या ऑप्शन्समध्ये त्या स्टाइलच्या नावापुढे आकडा लिहून ठरवता येतं.

पानांचे अंक दोन प्रकारचे का असतात, तेही समजून घेण्यासारखं आहे. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका या भागाला निराळे अंक आणि पहिल्या प्रकरणापासून पुन्हा १. ही छापखान्यांची जुनी रीत. अनुक्रमणिका शेवटी जुळवायची आणि ती किती पानांची होणार हे आधी माहीत नसायचं. तिचा अंक वेगळा ठेवला की मुख्य मजकुराची पानं हलत नाहीत. संगणकावरही हा फायदा तसाच आहे. अंक एकसलग असतील आणि अनुक्रमणिका दोनाची तीन पानांची झाली, तर तिनं आत्ताच नोंदवलेली सगळी पानं एकानं चुकतात आणि तिला पुन्हा अपडेट करावं लागतं. वेगळ्या अंकांसाठी ऋणनिर्देशादी भाग आणि पहिलं प्रकरण यांच्यामध्ये लेआउट पट्टीवरून ‘सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज’ घालायचा आणि पानाच्या तळपट्टीतलं (फूटरमधलं) ‘लिंक टू प्रीव्हिअस’ बंद करायचं. ते बंद करायला विसरलं की दोन्ही भागांची पट्टी एकच राहते, आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो.

पुढची पायरी प्रबंध जगापुढे ठेवण्याची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीनं प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं. देशभरातले प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगा या भांडारात ठेवले जातात. तिथे प्रबंध अखंड नसतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, मग प्रत्येक प्रकरण, अशा वेगवेगळ्या पीडीएफ असतात. इथे अनुक्रमणिकेचं महत्त्व दुप्पट होतं. नेमकी कोणती फाइल उघडायची हे वाचणारा तिच्यावरूनच ठरवतो.

आणि नेमकं इथेच शेवटच्या दिवशी घात होतो. अनुक्रमणिकेची वेगळी फाइल हवी म्हणून कुणी ती यादी कॉपी करून नव्या दस्तऐवजात चिकटवतं. तिथे अपडेट झालं की पानांच्या अंकांच्या जागी ‘एरर! बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ अशी ओळ सगळीकडे उमटते. यादी ज्या अदृश्य खुणांकडे बोट दाखवत होती त्या जुन्या फाइलमध्येच राहिल्या, एवढंच झालेलं असतं. वर्ड बिघडलं नाही, प्रबंधही गेला नाही. कॉपी करायचीच असेल तर चिकटवल्यावर लगेच यादी निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-९ दाबावं, म्हणजे फील्ड मोडून साधा मजकूर उरतो. याहून चांगली रीत म्हणजे सगळ्या प्रबंधाची एकच पीडीएफ करावी आणि मग तिचेच तुकडे करावेत. त्यात अंक चुकण्याचा प्रश्नच येत नाही.

उलट दिशेनंही हेच. अनेक जण प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलमध्ये लिहितात, कारण मार्गदर्शकांकडे एकेक प्रकरण न्यायचं असतं. यात काही वावगं नाही, फक्त सगळ्या फाइली एकाच साच्यातून सुरू केलेल्या असाव्यात. शेवटी जोडताना ‘यूज डेस्टिनेशन स्टाइल्स’ हा पर्याय घ्यावा, म्हणजे सगळ्या प्रकरणांची ‘हेडिंग १’ एकाच रूपात येतात. वर्डमध्ये मास्टर डॉक्युमेंट नावाची सोय आहे, पण तिच्या भरवशावर प्रबंध ठेवू नये असं मी स्पष्ट सांगेन. फाइल बिघडण्याबद्दल ती बदनाम आहे.

पीडीएफ करताना आणखी एक पर्याय बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ‘प्रिंट’ करून पीडीएफ काढली तर शीर्षकांची रचना त्यात जात नाही, फक्त पानांची चित्रवत प्रत तयार होते. ‘सेव्ह अॅज’मधून पीडीएफ निवडून ऑप्शन्समध्ये ‘क्रिएट बुकमार्क्स यूजिंग हेडिंग्ज’ आणि त्याखालची रचनेच्या टॅगची खूण केली, की शीर्षकं पीडीएफमध्येही शीर्षकंच राहतात.

याची सर्वांत जास्त गरज कुणाला असते? जे डोळ्यांनी पान चाळू शकत नाहीत त्यांना. अंध विद्यार्थी पडदावाचक सॉफ्टवेअरच्या मदतीनं वाचतात. त्यातलं मोफत मिळणारं आणि जगभर वापरलं जाणारं एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघांनी २००६ पासून घडवलं. दोघेही स्वतः अंध. त्यात ‘एच’ ही कळ दाबली की वाचन पुढच्या शीर्षकावर उडी मारतं, १ दाबलं की पुढच्या पहिल्या पातळीच्या शीर्षकावर, म्हणजे पुढच्या प्रकरणावर. हातानं ठळक केलेल्या ओळी या कळांना दिसत नाहीत. असा प्रबंध ऐकणाऱ्याला चौथं प्रकरण कुठे सुरू होतं ते शोधण्यासाठी तिसरं ऐकत बसावं लागतं. आणि मजकूर जुन्या फॉन्टात असेल तर त्याला मराठी ऐकूच येत नाही, एकेक रोमन अक्षर आणि चिन्ह कानावर पडत राहतं.

म्हणून प्रबंध बांधायला देण्याआधी नेव्हिगेशन पेन एकदा उघडून बघावं. डावीकडे प्रकरणांची नावं क्रमानं, देवनागरीत, आपापल्या पातळीवर दिसत असतील तर अनुक्रमणिका, पीडीएफची यादी आणि पडदावाचक या तिन्ही ठिकाणी ती तशीच दिसतील किंवा ऐकू येतील. एखादं नाव तिथे गैरहजर असेल, तर त्या ओळीवर जाऊन ‘हेडिंग १’ दाबायचं आणि अनुक्रमणिका पुन्हा एकदा अपडेट करायची.